छाणी जकात नाका

हणमंतमामांच्या यकृताचा तुकडा
मंगळवारी माझ्याच टेबलावर आला.
नाव झाकून काच वाचायची, अशी पद्धत.
नाव झाकलं. हात थंड पडायचा तो पडलाच.

गुलाबी पटावर निळी, दाटीवाटीची वस्ती,
आणि वस्तीच्या कडेला आपली माणसं,
नुसती उभी.

संध्याकाळी दांडिया बाजारातल्या खोलीत
सेव-उसळीतली सेव बोटाने बाजूला सारत ते म्हणाले,
"आतड्यातलं होतं ना? काढलं ना?
मग यकृतात कसं पोचलं? मला कळेल असं सांग."

मामा, यकृत म्हणजे तुमचा नाका.
आतड्यातून निघालेला सगळा माल
एकाच शिरेने तिथे येतो.
दारातच भक्षक पेशी बसलेल्या.
"किती?"
अंगातल्या बहुतेक तिथेच.
"आणि तरी?"

तरी.
पहिल्यांदा गिळतात, एकटादुकटा आला की.
मग काहीतरी फिरतं.
त्याच पेशी गाठीला रक्ताची वाट काढून देतात.
लढायला आलेल्या टी-पेशींना
दारातच धरून संपवतात.
दुसऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंसाठी जाळं टाकतात,
त्या जाळ्यात चोरालाच टेकायला जागा होते.

पुढचा शब्द जिभेवर होता.
चौतीस वर्षं नाक्यावर काढलेल्या माणसासमोर
तो उच्चारवेना.

"फितूर झाले म्हणतेस?"
त्यांनी वाटी खाली ठेवली.
"नाही गं. फितूर दोन-चारच असतात.
बाकीच्यांना सवय होते.
रोज तेच ट्रक. आणंदची केळी, बोरसदचा तंबाखू.
प्रत्येक पोत्यात सळई खुपसत बसलो
तर बडोदं उपाशी मरेल.
न बघणं शिकावं लागतं. नोकरीच ती.

एकोणनव्वद साली एक टेम्पो मी सोडला.
पैसे घेतले नाहीत, आईशपथ.
पहाटेचे चार, ताडपत्री दवाने जड,
ड्रायव्हर ओळखीचं हसला.
आत काय होतं, अजून माहीत नाही."

पुस्तकात जवळपास हेच आहे:
रोजच्या अन्नाशी भांडण नको
म्हणून यकृत सोसायला शिकतं.
मी ते बोलले नाही. उसळ गार झाली होती.

बुधवारी रिपोर्टात लिहिलं,
'दाहक पेशी तुरळक, कडेला.'
डॉक्टर पारेख म्हणाले, पहारा जागवणारं इंजेक्शन आहे,
यकृतात जरा कमी चालतं. बघू.

आता दर पंधरा दिवसांनी आम्ही बसने जातो.
जकात उठून किती वर्षं झाली,
दांडा नाही, खोपटं नाही, पावतीबुकं रद्दीत.
कंडक्टर मात्र अजून पुकारतो,
छाणी जकात नाका,

आणि खिडकीशी पेंगणारे मामा
सीटवरून अर्धे उठतात.