कालव्यातलं

माझा नवरा वीब्रन सव्वीस वर्षं कालव्यातलं तण कापतोय.
बोलस्वर्डच्या आसपासचे सगळे कालवे,
एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत,
पुढे पातं लावलेल्या बोटीतून.
पाणवनस्पतींच्या मुळावर उठलेला माणूस.
पाणी तुंबलं तर कुरणं बुडतात,
समुद्राच्या खाली राहणाऱ्यांना एवढं कळावंच लागतं.

आणि घरी आला की
बूट काढायच्या आधी चिमटा शोधतो.
दिवाणखान्यातल्या काचपेटीत
बोटभर रोप वाळूत खोचताना
श्वास रोखून धरतो.
मी म्हणते, दिवसभर टनावारी उपटतोस
आणि संध्याकाळी गुंजागुंजानं लावतोस.
तो म्हणतो, हं.

आमच्या घरात यीस्ट टिकत नाही.
साखरपाण्याच्या बाटलीत तो ते ढवळतो,
बुचातून नळी काढून पेटीत सोडतो
आणि बुडबुडे मोजत बसतो.
झाडं तरारतात,
माझा रविवारचा पाव बसका तो बसकाच.

मे महिन्यात, ऐन हंगामात,
बोटीवरून उतरताना तो घसरला.
मांडीचं हाड. लेउवार्डनला पाच आठवडे.
शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य:
दिवा आठ तास, बाउक्ये, नऊ नाही.
मग रोज फोनवर थोडं थोडं.
शनिवारी तिसरा हिस्सा पाणी बदल,
नवं पाणी मनगटावर घेऊन बघ,
धाकट्याचं दूध बघायचीस तसं.
कोवळी पानं पिवळी पडली तर लोहाचे चार थेंब,
जुन्या पानांना भोकं पडली तर ती दुसरी बाटली,
निळ्या झाकणाची.
माझ्या पायाचं विचारशील तर, आहे.

मी दिवा रात्रभर ठेवत होते.
त्याला सांगितलं नाही.
दिवा मालवला की खोलीत
त्याची रिकामी खुर्चीच तेवढी उरायची.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवी साय धरली,
पानापानाला शेवाळाचे केस लोंबले,
आणि श्रीलंकेच्या ओढ्यातली ती तांबूस झाडं,
त्याची सगळ्यात लाडकी,
दोन रात्रींत मेणासारखी वितळली.
अर्धं खरं मी फोनवर कबूल केलं.
पलीकडे बराच वेळ
कुणाच्या तरी ट्रॉलीची चाकं ऐकू आली.
मग तो म्हणाला, उपटू नकोस.
सडकी पानं काढ, मुळांना हात लावू नकोस,
खाली ती जिवंत असतात.
उपटू नकोस!
सव्वीस वर्षांत हा शब्द
मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी घरामागच्या कालव्यावर गेले.
त्याच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं
आणि तण असं माजलं होतं
की बदकं चालत गेल्यासारखी दिसत होती.
हॉर्नवर्ट. वीब्रन ज्याला शिवी देऊनच हाक मारतो.
कोपरापर्यंत हात घालून मी कवळाभर ओढलं,
तीन पाण्यांनी धुतलं, गोगलगायी वेचल्या,
रात्रभर बादलीत ठेवलं
आणि पेटीत वरच्या वर सोडून दिलं.
शेजारची चित्स्के म्हणाली, वेड लागलंय तुला,
ते सगळं खाऊन टाकेल.
तेच तर हवं होतं. शेवाळाच्या तोंडचा घास
कुणीतरी आधी पळवायला हवा होता.
दहा दिवसांत हिरवे केस विरळ झाले.
दिवाही मी वेळेवर मालवायला लागले,
म्हणजे बहुतेक रात्री.

तो आला कुबड्या घेऊन.
मला म्हणाला, बारीक झालीस,
पण बघत होता पेटीकडे.
हे कुठून आलं?
तुझ्या कालव्यातलं.
त्यानं कात्री मागितली. मी दिली.
कात्री बोटांत अडकवून तो बसून राहिला
इतका वेळ की कॉफीवर साय आली.
हॉर्नवर्टच्या सावलीत, वाळूतून,
नखाएवढं तांबूस काहीतरी वर आलं होतं,
अजून गुंडाळलेलं.
मग त्यानं कात्री परत दिली.
शनिवारी बघू, म्हणाला.
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
दिवा किती तास ठेवत होतीस?

आठ, मी म्हणाले.