टिकल्या

डाव्या दाढेला चीर गेली तेव्हा
रुवीतल्या डॉक्टर शीजा म्हणाल्या,
रात्री नाही हो, तुम्ही दिवसाढवळ्या चावता.
काय चावता?
मला सांगता आलं नाही.

ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला,
एवढंच.
आठवेल असं काहीतरी चिकटवा जागोजागी.

पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं,
चिपळूणहून आणलेलं, इथे कधी न उघडलेलं.
एक मॉनिटरच्या कोपऱ्यावर,
एक स्टीअरिंगवर, एक फ्रिजला,
एक मोबाइलच्या पाठीवर,
सत्तावीस तारखेला भावाचा फोन येतो म्हणून.

पहिल्या दिवशी त्रेचाळीस वेळा सापडले.
पगारपत्रक जुळवताना. सिग्नलला.
कांदा चिरताना तर सोडाच,
'हो, पाठवते' म्हणतानासुद्धा.
आपलेच दात, आपलेच ओठ,
मधल्या मधे गाल सोलला, तोही आपलाच.

पंधरा दिवसांत डोळे निर्ढावले,
टिकली असून दिसेना.
मग जागा बदलल्या. कॅल्क्युलेटर. पाण्याची बाटली.

शेजारच्या टेबलावरची झुवैना म्हणाली,
हे तर तुमच्या कपाळाचं ना?
मी सांगितलं. ती खूप हसली.
हसून झाल्यावर स्क्रीनकडे वळली,
आणि तिच्या कानाखाली, शेल्याच्या कडेशी
एक गाठ उठली, विरली,
पुन्हा उठली.

एसी गुरगुरत होता.
मी पाकीट तिच्याकडे सरकवलं.
तिने सगळ्यात बारीक, काळी निवडली.
कुठे लावली, ते मला अजून दिसलेलं नाही.