जमा-पावती

स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून
एकेक वस्तू ठेवली टेबलावर:
पक्कड एक, टेस्टर एक,
रबरी हातमोजे, डावा फाटलेला,
आणि सुरक्षा पट्टा.
बनकरनं पट्ट्याची कडी दोनदा ओढून पाहिली,
जणू मी आजही खांबावर चढणार होतो.
'अजून तेरा वर्षं होती की रे, शांतवन,' म्हणाला.
पावती फाडली. शिक्का अर्धाच उमटला.

पाचारण कसं झालं, हे जालन्यात मंडळानं विचारलं तेव्हा
सांगण्यासारखं काही नव्हतं माझ्याकडं.
आवाज नाही. उजेड नाही.
उजेड तर मीच चालू-बंद करायचो.
परतूरच्या पुढं, दुधनेच्या अलीकडं,
लाइन बंद करून तारेतला मांजा सोडवत होतो
आणि खाली एक म्हातारी.
'लाइटवाल्या, तू खरातांचा ना? ख्रिस्ती?
आमच्या पत्र्याच्या देवळात तीन वरसं झाले कुणी येईना.
वच्छीला आम्ही तशीच पुरली.
तोंडाला येईल ते म्हणलो अन् माती लोटली.'
एवढं बोलून ती काठी टेकत गेली.
मांजा निघाला होता.
तरी मी उतरेना.
खालून हेल्पर हाका मारत होता.

आमच्या आजाला गाव म्हणायचं, मिलोचा ख्रिस्ती.
बहात्तरच्या दुष्काळात मिशनच्या आवारात
लाल मिलोच्या रांगेत उभा राहिला,
आणि तिथून परतला तो दाविद होऊन.
पोटासाठी बाटला, म्हणायचे.
आजा कधी नाही म्हणाला नाही.
म्हणायचा, 'भूक होती. मग तिथं कुणीतरी नाव विचारलं.
त्याआधी कोण विचारत होतं?'
आता मी भरलेलं ताट सरकवून उठतोय.
हे त्या गावाला दाखवायचं म्हणून तर नाही ना?
रात्री दोन-दोनला उठून बसतो.
अकड आणि पाचारण
अंधारात चाचपताना सारखेच लागतात हाताला.
टेस्टर जमा करून बसलोय.

करुणा भांडली नाही. ते जास्त जड गेलं.
मशीनवर ब्लाउजची बाही लावता लावता म्हणाली,
'पेत्राला सासू होती, असं लिहिलंय.
म्हणजे बायकोपण असणार.
तो जाळी टाकून निघाला, ठीक.
ती ओली जाळी वाळत कुणी घातली?
त्या रात्री चूल कशावर पेटली?
तिचं नाव सापडलं तर सांग मला.'
मी पुस्तक उघडून शोधत राहिलो खुळ्यासारखा.
तिनं दातानं दोरा तोडला.
मग शनिवारी तीच क्वार्टरची किल्ली देऊन आली,
नळाची तोटी बदलून, ओटा घासून,
'पुढच्यानं नावं ठेवायला नको' म्हणत.
पावती तिनं ज्वारीच्या डब्यात ठेवली, अगदी तळाशी.
'डबा रिकामा झाला की दिसेल,' म्हणाली.
हसली का, ते टेम्पोच्या आवाजात कळलं नाही.

अकरा घरांची मंडळी.
महिना चार हजार, जमलं तर. सुगीत दोन पायल्या.
पहिल्याच संध्याकाळी लाइट गेली
आणि सगळी माझ्याकडं बघायला लागली.
मी म्हणालो, ते काम आता माझं नाही.
पोरं खट्टू झाली. एक जण म्हणाला, मग काय कामाचा?
लेक आईच्या मागं उभी, दहावीची पुस्तकं पोटाशी धरून,
ह्या अंधाराचा हिशेब तिच्या नजरेत होता.

म्हातारी कंदील घेऊन आली.
चहा नको, ओळख नको, 'आधी चल' म्हणाली.
नाल्याच्या पलीकडं, बाभळीखाली,
चार दगड, वर वाळलेली हराळी.
तीन वर्षांची शिळी मयत, आणि मी नवा.
पाठ केलेले शब्द एकदम दूर गेले.
तोल गेल्यासारखं झालं
आणि हात आपोआप कमरेला गेला,
कडी शोधत.

'बोल की,' म्हातारी म्हणाली.
'ती ऐकतीय.'