डावीकडे जाताना

सोळा घरं आडवी, सोळा उभी.
एवढ्याशा जागेत तेउवो म्हाताऱ्याला बसवायचं
म्हणजे आधी त्याचं नाक गेलं.
मग कान. मग कोटाची बटणं.
टोपी ठेवली, कारण टोपीशिवाय
कोत्काच्या धक्क्यावर त्याला कुणी ओळखत नाही.

डोळ्याला एक ठिपका.
घरभर खाली घेतला तर रडवेला दिसतो,
वर नेला तर काहीतरी विसरून आल्यासारखा.
मधे ठेवला
की नुसता बघत राहतो,
बोट यायची आहे आणि उशीर झालाय, तसा.
या एका ठिपक्यात चाळीस मिनिटं गेली,
कॉफीवर साय धरली.

दिवसा मी गिरणीत कागदाचा ओलावा मोजते.
नोव्हेंबर आहे. तीन वाजताच खिडकी काळी होते,
आणि काळ्या खिडकीत
पडद्यावरची माझी माणसं उलटी चालताना दिसतात.
तेव्हा काही सुचलं नाही.

रंग आठच. इल्मोची ताकीद आहे :
नववा मागितलास तर यंत्र गुदमरेल.
म्हणून समुद्राला आणि कोटाला एकच निळा.
पाण्याजवळ गेला की म्हातारा विरघळतो,
टोपी तेवढी तरंगत जाते.
खांद्यावर एक फिकट रेघ ओढली,
जवळपास कुठेतरी दिवा असावा अशी.
दिवा काढलेला नाही.
कुणी विचारलं नाही.

आई येऊन मागे उभी राहते.
आयुष्यभर तिने फुलीच्या टाक्याने उशांवर कोंबडे भरले,
कापडाचे धागे मोजून मोजून.
"चुकलं तर उसवता येतं का?"
एका बटणात, मी म्हणते.
"मग ह्याला काम कशाला म्हणायचं,"
असं म्हणते, आणि हलत नाही.

चालायला चार चित्रं लागतात.
तिसऱ्यात उजवा गुडघा वाकत नाही,
कारण खऱ्या तेउवोचाही वाकत नाही.
तो खालच्या मजल्यावर राहतो.
जिन्यावर त्याची पावलं ऐकून मी वेळ लावली :
ठक, ठक, ठक, मग जराशी वाट, आणि ठक.
खेळात आपण आहोत हे त्याला ठाऊक आहे.
"बारीक केलंस मला," एवढंच बोलला.

डावीकडे जायचं तर वेगळं काढत नाहीत.
तेच चित्र आरशासारखं उलटवतात, जागा वाचते.
सगळेच करतात.
इल्मोची मुलगी विएनो, वय सात,
खेळता खेळता थांबली :
"जाताना ह्याचा हा पाय दुखतो,
येताना तो. असं कसं?"

इल्मो म्हणाला, कोण बघतंय.
मी म्हटलं, हिने बघितलं.
तो म्हणाला, जागा नाही.
मी म्हटलं, माशांची हाडं काढून टाक,
हाडांशिवाय कुणाचं अडत नाही.
असे भांडलो आम्ही,
तीळभर गुडघ्यावरून.

शेवटी यंत्र घेऊन खाली गेले.
तेउवोने जाड अंगठ्यांनी स्वतःला
गोदीपर्यंत नेलं, परत आणलं.
पुन्हा नेलं.
बराच वेळ बटणांचाच आवाज.

"बरोबर आहे," म्हणाला.
"येताना हातात पिशवी असते.
पिशवी असली की
दुखणं ह्या बाजूला येतं."

आता पिशवी काढायला हवी.
म्हणजे डावीकडची चारही चित्रं नव्याने,
म्हणजे हाडं जाणार, आणि बहुधा एक ढगही.
पिशवीला तपकिरी लागेल, तो आपल्याकडे नाही.

"काय असतं पिशवीत?"
"मासळी. कधी कधी.
बाकी दिवस काही नाही."

मी वर आले.
रिकामी पिशवी पाच ठिपक्यांत होते,
मासळीची सहा.
सहावा लावला. काढला.
जिन्यात ठक, ठक, ठक,
आणि मी माऊसवर बोट ठेवून
चौथ्याची वाट बघत बसले.