दोनशे साठ मिलिसेकंद

बोगदा मागे पडला की साताऱ्याचा टॉवर पातळ होत जातो.
डॅशबोर्डवर चार फोन रबरबँडने बांधलेले,
मांडीवर लॅपटॉप, आणि स्टिअरिंगवर
इलाहीचाचा शिकलगार, ज्यांना
माझं काम म्हणजे ‘रेंज मोजणं’ एवढंच ठाऊक.

ठोसेघरच्या अलीकडं एका वळणाला हातबदल होतो.
नवा टॉवर फोनला विचारतो, कुठवर मिळालं तुला?
फोन सांगतो, चारशे बारापर्यंत.
मग चारशे तेरापासूनचं सगळं
जुना टॉवर नव्याच्या हाती देतो,
पाहुण्याची विसरलेली छत्री
एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यावी तशी.
फाइल अख्खी उतरते.
मी हिरवी खूण करते.

आवाजाचं तसं नसतं.
उशिरा आलेल्या शब्दाला दारातूनच परत लावतात,
बोलणं तोवर पुढं गेलेलं असतं.

चौथ्या फोनवर बोलायला माणूस लागतं.
म्हणून चाचांनी, कंपनीच्या बिलावर,
मिरजेला लेकीला लावला.
निलोफर, नर्सिंगचं तिसरं वर्ष, दोन महिने घरी नाही.
‘अब्बा, ऐतवारी मी ये—’
वळण.
‘—बरं, वॉर्डात बोलावतायत, ठेवते.’

पुन्हा लावला. उचलला नाही.
पवनचक्क्या दिसेपर्यंत चाचा गप्प.
चाळकेवाडीच्या पठारावर गाडी उभी करून म्हणाले,
‘मॅडम, तुमच्या पेटीत सापडंल का ते?’

सापडत नाही. तरी मी लॉग उघडला.
तेरा पॅकेटं गेलेली, एकेक वीस मिलिसेकंदांचं.
पडलेल्या दाताची असते तशी
नुसती जागा.
दोनशे साठ.
तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं: येते.
मावतं.
येत नाही.
भरभर म्हटलं, आणखी भरभर,
‘नाही’चं ‘नाय’ केलं,
तरी शेपूट बाहेरच राहतं.

रिपोर्टात याला रकाना नाही.
‘चाचा,’ मी म्हणाले, ‘भोक लहान आहे.
नकार एवढ्यात बसत नाही.’

एक पातं वर जाऊन खाली येईतो ते बघत राहिले.
‘पोरगी माझ्यावर गेलीय. लई भरभर बोलती.’
मग गिअर टाकला,
आणि उतार लागल्यावर, वीस वर्षं
हाच जिल्हा चाकाखाली घातलेल्या त्या माणसानं
मला विचारलं, मला,
मिरजेची शेवटची गाडी
स्टँडवर किती वाजता लागते.