चाळीस नंबरचं सूत

वडगावातले माग पाचला सुरू होतात.
मी त्याच्या आधी उठते.
न्हाणीची कडी, मोबाईलचा उजेड, हातभर आरसा.
हनुवटीखाली डावीकडे पाच, उजवीकडे कधी नऊ,
काळे, राठ.
मोजायची सवय बीकॉमची.
डोळ्यांत पाणी येतं, ते रडण्याचं नसतं.
मग खटाखट खटाखट भिंती थरथरू लागतात
आणि मी चहा ठेवत असते, गुळगुळीत,
कुणाचीही मुलगी वाटावी अशी.

आई माझी मान घासायची.
बेसन, लिंबू, शेवटी वजरी.
"मळ आहे गं, निघेल."
निघाला नाही.
चार-चार महिने पाळी यायची नाही तेव्हा
कॅलेंडरसमोर उभी राहून बोटं मोजायची
आणि माझ्याकडे अशी बघायची
जसं मी कुठं जाऊन आलेय.
काकू म्हणाली, सौंदत्तीला डोंगरावर नेऊन आणा,
यल्लम्माच्या मनात काय असेल सांगता येत नाही.
दाराआड मला ऐकू आलं.
त्या रात्री स्वप्नात कुणीतरी माझ्या डोक्यावर जग ठेवला.
पितळी मुखवटा, मोरपिसं, आणि वजन.

हिरेमठ डॉक्टरीणबाई कानडीत बोलल्या.
अर्धं आईला कळलं, उरलेलं मी मराठीत केलं.
कागदावर एक शब्द होता, टेस्टोस्टेरॉन,
पुढे आकडा, त्याच्या पुढे वर जाणारा बाण.
तो दोन्ही भाषांत तसाच राहिला.
"गंडसर हार्मोन," बाई म्हणाल्या.
"पुरुषांचं," मी सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला.
"एल्लारिगू इरतद," बाई हसल्या.
सगळ्यांनाच असतं. हिला जरा जास्त.
सोनोग्राफीच्या पडद्यावर काळे मणी, गोल ओवलेले.
आई म्हणाली, असे मणी गळ्यात हवे होते.

गोळ्या दोन. त्यातली एक साखरेची, साखर नसताना.
रोज पाऊण तास चालणं. कुंदा बंद.
कुंदा बंद म्हटल्यावर
आईला पहिल्यांदा दुखणं खरं वाटलं.

पहिल्या गेटापासून निघते, रुळाच्या कडेकडेनं.
दुसऱ्या गेटाचं फाटक पडलेलं असलं तर
स्कूटरवाल्यांच्या मधे उभी राहते, ओढणी वर घेऊन.
मालगाडी लांब असते.
खानापूरच्या पाहुण्यांच्या वेळी
आईनं ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला होता.
तरी मुलाची बहीण माझ्या ओठाच्या वरच बघत राहिली.
पोहे चांगले झालेत, म्हणाली.

बाबा सीमाप्रश्नावर तासभर बोलतात.
एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून जातात,
घसा बसवून येतात.
माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून शब्द नाही.
गेल्या बुधवारी कडी नीट लागली नव्हती.
त्यांनी दार ढकललं. माझ्या हातात चिमटा.
दार परत ओढून घेतलं, आवाज न करता.

संध्याकाळी आरशाजवळ एक कांडी.
"चिमटा नको, पिकतंय त्यानं.
ह्ये चाळीस नंबरचं. पीळ घट्ट आहे, तुटायचं नाही."
ते मागाकडे बघून बोलत होते. माग बंद होता.
"आईला होती माझ्या. मागावर बसायच्या आधी काढायची,
एक टोक दातात, दुसरं मला धरायला लावायची.
रोज नाही जमायचं तिला.
पापा घेतला की टोचायचं.
मला वाटायचं,
सगळ्यांच्याच आया टोचतात."

मग ते दिवा घालवायला उठले, जो लावलेलाच नव्हता.

पार्लरच्या सुवर्णानं सूत बोटात फिरवून बघितलं,
असलं आता मिळत नाही, म्हणाली, थोडं ठेव माझ्याकडं.
गोळ्यांना सहा महिने लागतात. हा चौथा.
डावीकडे पाच.
उजवीकडे आज सात.