उष्टी दूर्वा

खंडेराव मार्केटच्या मागच्या दाराशी
पोतं अंथरून गोदूबाई मोकाशी दूर्वा निवडते.
तीन पानांची ठेव, तुरा आलेली टाक,
एकवीस झाल्या की केळीच्या सोपटाची गाठ.
मधेच एखादी काडी उजेडाकडे धरते.
पातीवर पांढरे बारीक ठिपके,
टाचणीनं टोचून हिरवा रंग काढून घ्यावा तसे.
"उष्टी आहे," म्हणते,
आणि शेळीच्या टोपलीत टाकते.

कोणी उष्टी केली ते तिला ठाऊक नाही.
मला आहे.
चौतीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्र खात्यात
कागदाच्या त्रिकोणी टोकाला मी कीटक चिकटवले.
खाली चिठ्ठी: बडोदा, पोलो ग्राउंड, हरळीवर, तारीख.
जातीच्या नावापुढे बहुतेक वेळा रेघ.

ढेकणाच्या गोतातला हा, पण गोत दूरचं.
खाटेशी, रक्ताशी याचं काही नाही.
तांदळाच्या दाण्याएवढी लांबी, दोऱ्याएवढी रुंदी,
आणि हिरवा म्हणजे हरळीच्याच शाईनं लिहिलेला.
फक्त मिशांवर लाल रेघा.
तेवढीच काय ती हौस.
पातीवर उभा आडवा नाही, पातीच्याच दिशेनं बसतो.
तुम्ही वाकलात की सरकून पलीकडच्या बाजूला.
तुम्ही पलीकडे गेलात की अलीकडे.
माझे कितीतरी सप्टेंबर असे
एका पातीभोवती फिरण्यात गेले.

एकदा पहाटे जाळी फिरवताना वॉचमननं विचारलं,
"बेन, शुं पकडो छो?"
म्हटलं, "घासनो मांकड."
तो उठला आणि
आधी आपली खुर्ची उलटी करून पाहिली.

सोंड पोटाखाली मिटलेली असते.
भूक लागली की उघडते, पेशीत शिरते,
आतलं हिरवं ओढून घेते. मागे राहतो ठिपका.
गोदूबाईला दिसतो तो हा ठिपका.
तिला न दिसणारं दुसरंच आहे:
मादी पातीच्या म्यानाला चीर देते
आणि अंडं आत सारते, पाकिटात नोट सारावी तसं.
वर उरतं एक झाकण,
तेही लेन्सखाली, तेही उजेड बरा असेल तर.

यंदा पाचव्या दिवशी
गणपतीपुढची सुकत आलेली एक जुडी
निर्माल्यात टाकली नाही.
स्वच्छ जुडी, गोदूबाईनं पारखलेली, एकही ठिपका नाही.
बरणीत ओल्या कापसावर ठेवली, तोंडाला मलमल.
सुनेनं विचारलं, लोणचं का?
आठवड्यानं झाकणं उघडली.
आठ पिल्लं.
पंख नाहीत, रंग जेमतेम,
आणि मिशा अंगाला न शोभण्याइतक्या लांब,
थोरल्या भावाच्या विजारी घातल्यासारख्या.

म्हणजे एकवीस काड्यांत
ही मंडळी पाच दिवस आरती ऐकत होती.
हे मी गोदूबाईला सांगितलं नाही.
तिची नजर चुकली असं नाही,
नजरेला तिथवर रस्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले.
म्हटलं, उष्टी असेल ती दे, मूठभर, रोज.
"शेळी पाळलीत?"
"आठ."
तिनं माझ्या दांडिया बाजारातल्या
दुसऱ्या मजल्याचा विचार केला असावा.
काही बोलली नाही. पैसेही घेतले नाहीत.

पाच वेळा कात टाकायची असते.
तिसऱ्या कातीनंतर पाठीवर पंखांचे कोंब दिसतात.
दोन पहिल्याच कातीत अडकून मेली.
एक कुठं गेलं कळलं नाही, मलमलीला भोक नव्हतं.
दोन मी पाणी जास्त घालून मारली, हे लिहून ठेवते.
उरली तिघं. एका रात्री पंख वाळले,
तेव्हा मी मलमल काढून ट्यूबलाइट लावली.
दोघं उजेडाकडे गेली.
तिसरं पातीवरच, पातीच्या दिशेनं.
मी वाकले.
ते पलीकडे सरकलं.